उंबरठ्यावरची नजर: सुरक्षिततेच्या सवयी रोजच्या दिवसात कशा बसवाव्यात

घरातून निघालेल्या माणसाला ‘सांभाळून जा’ असे आपण सगळेच सांगतो; मात्र सांभाळायचे म्हणजे नेमके कुठे आणि काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. मग ऐकणारा एक तर मान डोलावून विसरून जातो, नाही तर दिवसभर धास्तावलेला राहतो, आणि या दोन्हींतून सुरक्षितता काही वाढत नाही. डोळ्यांत तेल घालून अखंड पहारा देणे माणसाला झेपतच नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवर नजर ठेवणाऱ्यांकडून शत्रूच्या पाणबुड्यांच्या खुणा का निसटतात, हे शोधताना नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला आणि १९४८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तबकडीवर एक काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरकत असे आणि क्वचित कधी दुप्पट उडी घेत असे. ती उडी दिसली की कळवायचे, एवढेच काम होते. पहिला अर्धा तास उलटला की उड्या निसटण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले दिसले. जिवावरच्या कामासाठी निवडलेल्या, प्रशिक्षित माणसांची ही गत असेल, तर कचेरीतून थकून परतणाऱ्या माणसाने दोन तासांचा प्रवास सावध राहून करावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून सावधपणा दिवसभर पसरवू नये, तो ठरावीक जागांना बांधावा. जिथे आपले ठिकाण, सोबतची माणसे, उजेड किंवा वाहन बदलते, तो एक उंबरठा समजावा. घराचे दार, लिफ्ट, सोसायटीचे फाटक, रस्ता ओलांडण्याची जागा, स्टेशनचा पूल, फलाट, लोकलचा डबा, रिक्षा, एटीएमची खोली, हॉटेल किंवा सभागृह हे सगळे उंबरठेच आहेत, आणि अनोळखी क्रमांकावरून वाजणारा मोबाईल हाही एक उंबरठाच आहे, कारण त्या घंटेसरशी कोणीतरी परके माणूस आपल्या खोलीत येते. अशा प्रत्येक जागी चार-पाच सेकंद मान वर करून पाहायचे. मधल्या वेळात गाणी ऐकावीत, वाचावे, डुलकीही घ्यावी. एवढ्याने बहुतेक काम भागते.

उंबरठ्यावर काय पाहायचे

तीनच गोष्टी पाहायच्या: वाट, माणसे आणि हात.

वाट म्हणजे इथून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग. आपण ज्या दाराने आलो त्याच दाराकडे संकटाच्या वेळी सगळे धावतात, आणि नेमके तेच दार तुंबते. २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारातील छतावरच्या उपाहारगृहांना आग लागली, तेव्हा १४ जणांचा बळी गेला, आणि त्यांतले अनेक जण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले असताना धुराने गुदमरले. धुरात आणि अंधारात वाट शोधता येत नाही. ती आधी ठाऊक असावी लागते. म्हणून हॉटेलात, नाट्यगृहात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये बसण्यापूर्वी दुसरे दार कुठे आहे आणि ते उघडे आहे की त्यापुढे खुर्च्या रचल्या आहेत, हे पाहून घ्यावे. दाराला कुलूप दिसले तर व्यवस्थापकाला तसे सांगावे, त्यात संकोच करू नये.

माणसे पाहताना चेहरा, कपडे, भाषा किंवा जातधर्म यांवरून काहीही ठरवू नये. तसे करणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे, कारण फसवणारा माणूस नीटनेटका आणि गोड बोलणारा असण्याचीच शक्यता अधिक असते. पाहायचे ते वागणे. या जागी, या वेळेला एरवी लोक कसे वागतात आणि आत्ता त्यात वेगळे काय आहे, हा प्रश्न मनाशी विचारावा. सगळे एका दिशेने चालत असताना कोणी थांबून माणसेच न्याहाळत आहे का? आपण वेग बदलला की मागच्याचाही वेग बदलतो का? नेहमी गजबजलेला चौक आज रिकामा का आहे?

हात म्हणजे आपले स्वतःचे हात. एक हात सदैव मोकळा राहील अशा बेताने सामान घ्यावे, उंबरठा ओलांडताना मोबाईल खिशात ठेवावा आणि निदान एक कान मोकळा ठेवावा. मोबाईलमध्ये गुंतलेल्या माणसाला समोरचे दिसतच नाही, हे शब्दशः खरे आहे. १९९९ मध्ये डॅनियल सिमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांनी एका चित्रफितीतील खेळाडूंनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे दिला हे लोकांना मोजायला लावले, आणि मधून गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती चालत गेली. ती पाहणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना दिसलीच नाही.

सवय कशी लावायची

हे सगळे वाचायला सोपे वाटते आणि चौथ्या दिवशी विसरले जाते, म्हणून सवय लावण्याच्या पद्धतीकडे नीट लक्ष द्यावे. ‘मी सावध राहीन’ हा संकल्प कुचकामी आहे, कारण त्याला वेळ आणि जागा नाही. त्याऐवजी ‘लिफ्टचे दार उघडले की मी आधी खाली पाहीन आणि मगच पाय टाकीन’ असा, जागेला जोडलेला नियम करावा. लिफ्टचा पाळणा मजल्यावर आलेला नसताना बाहेरचे दार उघडल्यामुळे माणसे खड्ड्यात पडल्याच्या बातम्या येत असतात, तेव्हा पहिली सवय म्हणून ही उत्तम आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एखादी कृती आपोआप घडू लागायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. म्हणून एका वेळी एकच उंबरठा घ्यावा, तो अंगवळणी पडला की दुसरा घ्यावा. दहा नियमांची यादी फ्रिजवर चिकटवून कोणाचेही भले झालेले नाही.

सवय पक्की करण्याचा एक अतिशय प्रभावी उपाय रेल्वेकडून घेण्यासारखा आहे. जपानमध्ये गाडी चालवणारे आणि गार्ड प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. आपल्याकडेही लोको पायलट आणि सहायक लोको पायलट हात दाखवून सिग्नल एकमेकांना ऐकवतात. जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये केलेल्या चाचणीत, नुसते पाहण्याच्या तुलनेत बोट दाखवून उच्चारल्यावर चुका जवळपास सहाव्या हिश्श्यावर आल्या. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर आले की मन दुसरीकडे भटकू शकत नाही.

याचा वापर रात्री गॅस बंद करताना करून पाहावा. ओटा पुसून झाला की सिलिंडरपाशी जावे, रेग्युलेटरच्या कळीवर बोट ठेवून ती फिरवावी आणि ‘रेग्युलेटर बंद’ असे ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणावे. मग शेगडीच्या प्रत्येक बटणाला बोट लावून ‘बंद, बंद’ म्हणावे. शेवटी दाराशी जाऊन कडीला हात लावून ‘कडी लागली’ असे म्हणावे. पहिले काही दिवस घरातले हसतील, हसू द्यावे. अंथरुणात पडल्यावर ‘गॅस बंद केला होता ना?’ म्हणून उठण्याची वेळ येत नाही, कारण आपलाच आवाज आठवतो. सकाळी घराबाहेर पडताना हीच पद्धत किल्ली, मोबाईल, पाकीट आणि औषधे यांसाठी वापरावी.

गॅसचा वास आल्यास काय करायचे, तेही आत्ताच ठरवून ठेवावे. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो; म्हणून दिव्याचे किंवा पंख्याचे कोणतेही बटण चालू वा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि बाहेर येऊनच १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करावा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका असतो, तो छताकडे जातो, म्हणून वरची झडपही उघडावी आणि मीटरजवळची कळ बंद करावी.

रस्ता आणि पाऊस

पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे आणि पिशवी किंवा पर्स रस्त्याच्या विरुद्ध खांद्याला लावावी. साखळीचोर दुचाकीवरून बहुधा मागून येतात, आणि पहाटे फिरायला जाणाऱ्या स्त्रिया त्यांच्या नजरेत असतात. मंगळसूत्र पदराखाली किंवा ओढणीखाली राहिले तर बरे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणे हा ३०४ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा ठरला आहे, त्यामुळे ‘फक्त साखळीच गेली ना’ म्हणून तक्रार टाळू नये. चोराशी झटापट मात्र मुळीच करू नये, कारण धावत्या दुचाकीमागे फरफटत जाण्याची किंमत कोणत्याही सोन्याहून जास्त आहे.

ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत याहून कपटी प्रकार म्हणजे तोतया पोलीस. भर सकाळी, बाजाराच्या वाटेवर, साध्या वेशातला एक धट्टाकट्टा माणूस हाक मारतो, ‘आजी, थांबा, मी पोलीस आहे. पुढच्या गल्लीत काल चाकूहल्ला झालाय, आणि तुम्ही एवढे दागिने घालून फिरता?’ एवढ्यात त्याचा साथीदार वाटसरू म्हणून येतो, त्यालाही दरडावले जाते आणि तो निमूटपणे आपली साखळी काढून कागदात गुंडाळतो. हे पाहून आजींचा विश्वास बसतो. त्यांच्या बांगड्या आणि पाटल्या रुमालात बांधून पिशवीत ठेवल्याचे दाखवले जाते, आणि घरी गाठ सोडल्यावर आत खडे निघतात. यावर एकच नियम पाठ असावा: रस्त्यात कोणाच्याही सांगण्यावरून अंगावरचा दागिना उतरवायचा नाही, मग सांगणारा गणवेशात का असेना. ‘जवळच्या दुकानात चला, तिथे बोलू’ एवढे म्हणून सरळ ओळखीच्या वाण्याच्या किंवा औषधाच्या दुकानात शिरावे. खऱ्या पोलिसाला त्यात अडचण नसते, आणि तोतया तिथपर्यंत येत नाही. दारावर येऊन ‘दागिने पॉलिश करून देतो’ म्हणणाऱ्यांनाही हाच नियम लागू करावा आणि सेफ्टी डोअर न उघडताच त्यांना वाटेला लावावे.

पावसाळ्यात आसऱ्याला जाण्याची जागा निवडताना आधी वर पाहावे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला, आणि मरणाऱ्यांत पावसापासून आडोसा शोधत तिथे आलेली माणसेही होती. फलक, वाळलेले झाड, बांधकामाची परांची आणि जुनी गॅलरी यांच्या खाली उभे राहण्यापेक्षा भिजलेले बरे. तुंबलेल्या पाण्यातून चालू नये; चालणे भागच असेल तर पदपथाच्या कडेऐवजी दुभाजकालगत, हातातल्या छत्रीने पुढची जमीन चाचपत जावे, पाणी भोवऱ्यासारखे फिरत असेल तिथे उघडे मॅनहोल असल्याचे समजावे आणि विजेच्या खांबाला हात लावू नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतील एक नामांकित डॉक्टर घराकडे चालत जाताना अशाच उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले.

स्टेशन, पूल आणि डबा

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या बहुतेक वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसे दगावली आहेत, आणि त्यांत रूळ ओलांडताना मरण पावलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्याखालोखाल गाडीतून पडणारे येतात. हल्लेखोरांची भीती आपल्याला जास्त वाटते, पण जीव जातो तो बहुतेकदा चार मिनिटे वाचवण्याच्या नादात. सुरक्षिततेची एकच सवय लावायची असेल तर ती रूळ न ओलांडण्याची लावावी, आणि मुलांसमोर तर ती कधीच मोडू नये.

डब्याच्या दारात उभे राहावे लागले तर मोबाईल बाहेर काढू नये. रुळांलगतच्या खांबांवर किंवा सिग्नलच्या आडोशाला उभे राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारणारी ‘फटका गँग’ मुंबईकरांना ठाऊक आहे; मोबाईल तर जातोच, शिवाय तो पकडण्याच्या धडपडीत तोल गेलेल्यांनी हातपाय आणि प्राणही गमावले आहेत. पाठीवरची सॅक डब्यात शिरण्याआधीच पुढे घ्यावी, कारण दारातल्या माणसाच्या पाठीवरची सॅक शेजारून जाणाऱ्या गाडीला किंवा खांबाला घासू शकते. रात्री उशिरा रिकाम्या डब्यात एकटे बसण्यापेक्षा चार माणसे असलेला डबा गाठावा. महिलांच्या डब्यात रात्री पोलीस असतात, तो डबा कुठे उभा राहतो हे फलाटावरच्या पट्ट्यांवरून आधीच पाहून ठेवावे. गाडीत कोणताही त्रास झाला तर १३९ हा रेल्वेचा क्रमांक आणि १५१२ हा लोहमार्ग पोलिसांचा क्रमांक मोबाईलमध्ये साठवलेला असावा.

पुलाबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण गर्दीतले मरण लोकांना वाटते त्यापेक्षा वेगळ्या रीतीने येते. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर, म्हणजे आजच्या प्रभादेवीला, जोराचा पाऊस आला. भिजायला नको म्हणून पुलावरची माणसे जिन्यातच थांबली आणि पाठोपाठ येणाऱ्या गाड्या नवी माणसे ओततच राहिल्या. त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. अशा वेळी माणसे मुख्यतः पायदळी तुडवली जातात असे आपण समजतो, परंतु बहुतेकांचा श्वास उभ्या उभ्याच कोंडतो, कारण चहूबाजूंच्या दाबाने छाती फुगायलाच जागा उरत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांहून अधिक दाटी झाली की आपण आपल्या पायांनी चालत नसतो, गर्दी आपल्याला वाहून नेत असते.

त्यामुळे पुलाचा उंबरठा म्हणजे जिन्याची पहिली पायरी. तिच्यावर पाय ठेवण्याआधी वरच्या टोकाकडे पाहावे. वरची माणसे सरकत असतील तर चढावे. वरची थांबलेली आणि खालची चढतच असतील, तर फलाटावरच मोकळ्या जागी मागे सरावे आणि एक-दोन गाड्यांची गर्दी ओसरू द्यावी. कचेरीत दहा मिनिटे उशीर झाल्याचे कोणाला महिन्यानंतर आठवत नाही. दोन्ही बाजूंनी खांदे घासू लागले आणि हात वर करणे जड जाऊ लागले की तो निघून जाण्याचा शेवटचा इशारा समजावा. अडकलोच तर दोन्ही हात मुठी आवळून छातीसमोर आडवे धरावेत म्हणजे श्वासापुरती जागा राहते, गर्दीची लाट आली की तिच्याविरुद्ध जोर लावू नये, ती ओसरली की तिरके तिरके कडेकडे सरकावे, मात्र भिंतीला किंवा कठड्याला चिकटू नये. चप्पल निघाली, मोबाईल पडला तरी वाकू नये. ओरडण्यात दम घालवू नये. पडलोच आणि उठता आले नाही, तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यावेत आणि डोके हातांत झाकावे. लालबागची रांग असो, पंढरपूरची वारी असो किंवा नाशिकचा सिंहस्थ, मुलाला गर्दीत पायी न चालवता उंच धरावे आणि त्याच्या खिशात आपला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

रिक्षा, टॅक्सी आणि मोबाईलची घंटा

ॲपवरून मागवलेल्या गाडीत बसताना पाटीवरचा क्रमांक जुळवावा, आणि ‘माझी गाडी का?’ असे न विचारता ‘कोणाचे बुकिंग आहे?’ असे विचारावे, म्हणजे नाव चालकाने सांगायचे आणि आपण जुळवायचे. मागच्या दाराला मुलांसाठीचे कुलूप लावलेले नाही ना, हे निघण्याआधी आतल्या कडीने दार उघडून पाहावे आणि मागे बसले तरी पट्टा लावावा. रात्रीच्या प्रवासात व्हॉट्सॲपवर आपले चालते ठिकाण घरच्या एखाद्या माणसाला पाठवावे. ते पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास दिसत राहते.

मोबाईलच्या उंबरठ्यावर तर आजकाल सर्वांत जास्त पैसा जातो. बोलणारा सीबीआयचा, कस्टमचा किंवा पोलीस असल्याचे सांगतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे म्हणतो आणि कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाशी बोलू नका, असे बजावतो. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून हेच सांगितले होते. फसवणुकीच्या फोनची ओळख त्यातल्या कथेवरून होत नाही, कारण कथा दर महिन्याला बदलते. ओळख होते ती तीन गोष्टींवरून: घाई, भीती आणि गुप्तता. वीज आज रात्रीच तोडली जाईल असा संदेश असो की मुलाला अपघात झाल्याचा रडका आवाज असो, या तिन्हींपैकी दोन दिसल्या की फोन ठेवावा आणि आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून चौकशी करावी. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे. पैसे गेलेच तर लाजून न बसता ताबडतोब १९३० वर कळवावे, कारण रक्कम खात्यांमधून पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

शंका आली तर

भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि सुरक्षिततेच्या बाबतीत ती त्याहूनही वाईट ठरते. लिफ्टमध्ये आधीच असलेल्या माणसाबरोबर जावेसे वाटत नाही, पण त्याला वाईट वाटेल म्हणून आपण आत शिरतो. पाठलाग होत असल्याचा संशय आहे, पण लोक हसतील म्हणून दुकानात शिरत नाही. मनाला टोचलेल्या गोष्टीचे कारण शब्दांत मांडता यावे, अशी अट घालू नये. ‘काहीतरी विसरले’ म्हणून मागे वळावे, रस्ता बदलावा, उजेडातल्या दुकानात जाऊन पाण्याची बाटली घ्यावी. शंका खोटी निघाली तर गेली ती दोन मिनिटे. आणि हे स्पष्टपणे लिहायला हवे की छेडछाड किंवा हल्ला झाला तर दोष करणाऱ्याचाच असतो. ती मुलगी रात्री का बाहेर होती, मोबाईल का पाहत होती, असे प्रश्न विचारणारे घर पुढच्या वेळी तिच्याकडून काहीही ऐकू शकणार नाही. या सवयी बाहेर मोकळेपणाने जाता यावे म्हणून आहेत, कोणाला घरात बसवण्यासाठी नाहीत.

मदत मागताना ११२ वर फोन लागताच आधी ठिकाण सांगावे, मग काय झाले ते. फोन तुटला तरी पत्ता पोहोचलेला असतो. नाव ठाऊक नसेल तर समोरच्या दुकानाची पाटी वाचावी. बहुतेक स्मार्टफोनवर बाजूचे बटण लागोपाठ तीन किंवा पाच वेळा दाबले की आणीबाणीचा फोन जातो आणि साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरावा लागतो; आपल्या फोनवर नेमके काय करायचे, ते आजच सेटिंगमध्ये पाहावे. गर्दीला उद्देशून ‘वाचवा’ म्हणण्यापेक्षा एकाच माणसाकडे बोट दाखवून ‘निळ्या शर्टवाले दादा, ११२ ला फोन करा’ असे म्हणावे. बघ्यांची संख्या वाढली की प्रत्येकाला दुसरा कोणीतरी करील असे वाटते, हे जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८ मधील प्रयोगात दाखवून दिले होते. आपण स्वतः बघे असू तर पुढे व्हावे: मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमानुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. तक्रार नोंदवताना ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे ऐकावे लागले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाखाली दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते, हे शांतपणे सांगावे.

घरातल्या मुलांना आणि वडीलधाऱ्यांना या सवयी उपदेशातून लागणार नाहीत, खेळातून लागतील. हॉटेलात बसल्यावर ‘दुसरे दार कोणाला दिसले?’ असे विचारले की सात वर्षांचे मूल आपल्या आधी उत्तर देते. कुटुंबाचा एक परवलीचा शब्द ठरवावा. शाळेतून न्यायला अनोळखी माणूस आला किंवा ओळखीच्या आवाजात पैशांसाठी फोन आला, तर आधी तो शब्द विचारायचा. मोबाईल हरवला तरी अडू नये म्हणून प्रत्येकाला घरातले दोन क्रमांक तोंडपाठ असावेत, आणि आजी-आजोबांच्या पाकिटात रक्तगट, चालू औषधे आणि जवळच्या नातेवाइकाचा क्रमांक लिहिलेला कागद असावा. तो कागद दर गुढीपाडव्याला नव्याने लिहावा, कारण औषधेही बदलतात आणि क्रमांकही.